उणे ४० अंशांची हवा

श्रोतेहो, नमस्कार.

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागतो, बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण, म्हणजे स्कॅनर, जोडल्यावर पी०११३ हा कोड दिसतो आणि त्याच पडद्यावर इंजिनात शिरणाऱ्या हवेचे तापमान उणे ४० अंश सेल्सियस असल्याचे वाचायला मिळते. बाहेर तर ऊन तापलेले असते. आकडा खोटा आहे हे उघडच आहे. पण खोटे हे तापमान मोजणारा सेन्सर बोलतो आहे की त्याची तार, हे ठरवल्याशिवाय नवा सेन्सर विकत घेऊ नये, असे माझे मत आहे.

हा सेन्सर म्हणजे एक थर्मिस्टर असतो आणि तापमान वाढले की त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, घटतो. सर्रास आढळणाऱ्या एका प्रकारात २० अंशांना सुमारे २,५०० ओहम असलेला रोध ८० अंशांना ३०० च्या आसपास उतरतो. आपल्या गाडीचे नेमके आकडे मात्र तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावेत. इंजिनचा संगणक आपल्याकडच्या एका ठरावीक रोधातून ५ व्होल्ट या तारेवर सोडतो आणि त्यातले सेन्सरपाशी किती उरले, यावरून तापमान काढतो. तार तुटली की पाचही व्होल्ट तसेच राहतात आणि संगणकाला ती कडाक्याची थंडी वाटते. थंड हवा दाट असते, म्हणून तो इंधन वाढवू लागतो. जिथे हवेचे वजन मोजणारा स्वतंत्र सेन्सर असतो, तिथे हा परिणाम बराच सौम्य राहतो.

आता तपासणी. इग्निशन बंद करून सेन्सरचा प्लग काढावा, गाडीकडून येणाऱ्या प्लगमधल्या सेन्सरच्या दोन टोकांना तारेच्या तुकड्याने जोडावे, इग्निशन पुन्हा चालू करावे आणि स्कॅनरकडे पाहावे. आकडा उणे ४० वरून एकदम शंभराच्या पलीकडे उडाला, तर वायरिंग आणि संगणक दोन्ही शाबूत आहेत. दोष सेन्सरमध्ये किंवा प्लगच्या सैल पिनेत आहे. आकडा हललाच नाही, तर नवा सेन्सर बसवूनही काही उपयोग होणार नाही. कोड पी०११२ असेल, म्हणजे तापमान अवास्तव जास्त दिसत असेल, तर नुसता प्लग काढून आकडा खाली येतो का ते पाहावे. काही गाड्यांत हा सेन्सर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्याच पोटात असतो व प्लगला चार-पाच पिना असतात. तिथे वायरिंगची आकृती पाहिल्याशिवाय कोणत्याही पिना जोडू नयेत.

खरा त्रास देतो तो थोडेसेच खोटे बोलणारा सेन्सर, कारण त्याचा कोड बहुधा येतच नाही. त्यासाठी गाडी रात्रभर सावलीत उभी ठेवून सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी हवेचे आणि कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान शेजारी शेजारी वाचावे. दोन्हींत चार-पाच अंशांपेक्षा बराच फरक असेल, तर दोन्ही आकडे साध्या थर्मामीटरशी ताडून पाहावेत. हीच तुलना दुपारी, नुकत्याच थांबवलेल्या गाडीवर करू नये. बॉनेटखालच्या उष्णतेने हवेचा आकडा तेव्हा चढलेलाच असतो आणि चांगला सेन्सर उगाच बदलला जातो.

दुरुस्तीनंतर कोड पुसावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन गार असतानाच, ते दोन आकडे पुन्हा एकदा वाचावेत.