संगिनींचं अध्यक्षपद: चिलीचं कारेरा घराणं

(दृश्य: सांतियागोचा जुना नकाशा)

साल 1811. स्पेनची वसाहत असलेली चिली स्वातंत्र्याच्या वाटेवर होती. राजधानी सांतियागोत लाराईन घराण्याचा गोतावळा एवढा मोठा, की लोक त्यांना ‘आठशे’च म्हणत. काँग्रेसच्या, म्हणजे चिलीच्या प्रतिनिधिसभेच्या, अध्यक्षपदासकट सगळी मोठी पदं आपल्याच घरात आहेत, अशी फुशारकी त्यांच्यातल्या होआकिन लाराईन या धर्मगुरूने मारली. त्यावर होसे मिगेल कारेराने विचारलं म्हणतात, “आणि संगिनींचं अध्यक्षपद कुणाकडे?”

संगिनी म्हणजे बंदुकीच्या टोकाची पाती, अर्थात सैन्याचं बळ. ते होतं कारेरांच्या घरात. थोरला भाऊ हुआन होसे ग्रेनेडिअर पलटणीत, धाकटा लुईस तोफखान्यात. मधला होसे मिगेल स्पेनमध्ये नेपोलियनशी लढून जुलैतच परतलेला. 4 सप्टेंबरला लाराईनांना हाताशी धरून पहिला उठाव केला. 15 नोव्हेंबरला दुसरा, लाराईनांनाच बाजूला सारायला. 2 डिसेंबरला काँग्रेस बरखास्त.

1812 मध्ये देशाचं पहिलं वृत्तपत्र निघालं आणि निळा-पांढरा-पिवळा झेंडा फडकला. तो बहीण हाविएराने शिवला, असं परंपरा सांगते. त्याच वर्षीच्या राज्यघटनेतली खुबी पाहा: स्पेनचा राजा फर्नांडो याचं नाव कायम, पण चिलीबाहेरून आलेला हुकूम इथे चालणार नाही!

रणांगणावर मात्र घराण्याचं गणित चुकलं. 1813 च्या ऐन हिवाळ्यात स्पेनच्या बाजूच्या फौजेला चियान शहरात घातलेला वेढा फसला आणि सेनापतिपद चिलीचाच दुसरा सेनानी बर्नार्दो ओ’हिगिन्स याच्याकडे गेलं. जुलै 1814 मध्ये होसे मिगेलने पुन्हा सत्ता बळकावली. ऑगस्टमध्ये स्पॅनिश सेनापती ओसोरिओ दक्षिणेत उतरला, तरी 26 तारखेला चिलीच्याच दोन फौजा, कारेरांची आणि ओ’हिगिन्सची, एकमेकींशी लढल्या.

(दृश्य: रांकाग्वाचा चौक, वरून)

सांतियागोच्या दक्षिणेला असलेल्या रांकाग्वात रस्ते चौकाच्या कोपऱ्यांतून येत नाहीत, चारही बाजूंच्या मध्यातून येतात. 1 ऑक्टोबरला चारही तोंडांशी अडथळे रचून ओ’हिगिन्स आत उभा राहिला. हुआन होसेही आतच होता. शत्रूने पाण्याचा पाट तोडला, घरांना आगी लावल्या. दारूगोळा संपत आला. बाहेर होसे मिगेल आणि लुईस तिसरी तुकडी घेऊन होते. दुसऱ्या दिवशी ती चालून आली खरी, पण चौकापर्यंत न पोहोचताच मागे फिरली. ओ’हिगिन्स घोडदळानिशी वेढा फोडून निसटला. ही माघार नाइलाज होती की दगा, यावर चिलीत आजही वाद झडतात. आमच्या मते मूळ दुखणं ऑगस्टमधलंच: आपसात लढलेल्या फौजेला एकजुटीने उभं राहायला जेमतेम महिना मिळाला.

पुढे अँडीजपार परागंदा होणं आलं. 8 एप्रिल 1818 रोजी, स्पॅनिश फौजेवरच्या मायपूच्या विजयानंतर तिसऱ्या दिवशी, हुआन होसे आणि लुईस यांना अर्जेंटिनातल्या मेंदोसात गोळ्या घातल्या. होसे मिगेललाही तिथेच: 4 सप्टेंबर 1821, पहिल्या उठावाला त्या दिवशी बरोबर दहा वर्षं झाली होती.

दरम्यान चिलीचा सत्ताधीश झालेल्या ओ’हिगिन्सची सत्ता गेल्यावर, 1824 मध्ये हाविएरा मायदेशी परतली. भावांचे अवशेष सांतियागोला आले ते 1828 मध्ये.