नाव काढलं तरी माणूस सापडतो! लतान्या स्वीनी यांनी हे कसं दाखवलं?

नमस्कार! जन्मतारीख, पिनकोड, स्त्री की पुरुष. कुठलाही फॉर्म आला की आपण हे तिन्ही रकाने भरून टाकतो. नाव तर दिलं नाही, मग कोण कशाला ओळखतंय?

आता हे ऐका. 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी संशोधकांना दिल्या गेल्या. नावं, पत्ते गाळून, पण जन्मतारीख, पिनकोड आणि स्त्री की पुरुष हे तसंच ठेवून. लतान्या स्वीनी तेव्हा एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रज्ञान विद्यापीठात विद्यार्थिनी होत्या. त्यांनी 20 डॉलर मोजून केंब्रिज शहराची मतदारयादी विकत घेतली आणि दोन्ही याद्या ताडून पाहिल्या. राज्यपाल विल्यम वेल्ड यांच्याच जन्मतारखेचे मतदार निघाले सहा. त्यातले पुरुष तीन. आणि वेल्ड यांच्या झिपकोडमध्ये, म्हणजे तिकडच्या पिनकोडमध्ये, फक्त एक! राज्यपालांच्या वैद्यकीय नोंदी हाती लागल्या. कुठलंही कुलूप तोडलं नाही, हॅकिंग नाही. मला या कामातलं सगळ्यात जबरदस्त हेच वाटतं.

पुढे जनगणनेच्या आकड्यांवरून त्यांनी हिशोब मांडला: या तीन गोष्टींवरून 87 टक्के अमेरिकन लोक एकमेव ठरतात. नंतर दुसऱ्या एका अभ्यासात हा आकडा 63 टक्के आला. समजा तोच खरा धरला, तरी निम्म्याहून जास्त माणसं उघडी पडतात.

मग उपाय? 2002 मध्ये त्यांनी ‘के-अनॉनिमिटी’ मांडली. पूर्ण जन्मतारखेऐवजी नुसतं वर्ष ठेवा, पिनकोडचे शेवटचे आकडे झाका, म्हणजे प्रत्येक नोंदीसारख्या आणखी काही नोंदी तयार होतात आणि माणूस गर्दीत मिसळतो. पण त्या गर्दीतल्या सगळ्यांना एकच आजार असेल तर? तर लपून उपयोग नाही. ही फट बुजवायला पुढच्या संशोधकांनी नव्या पद्धती काढल्या.

2001 मध्ये एमआयटीतून संगणकशास्त्रात पीएचडी मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या. पुढे त्यांनी गूगलवर स्वतःचं नाव शोधलं, तर बाजूला जाहिरात: यांना कधी अटक झाली होती का, असं सुचवणारी. अटक कधीच झालेली नव्हती! त्यांनी दोन हजारांहून जास्त नावं तपासली. कृष्णवर्णीयांमध्ये जास्त आढळणाऱ्या नावांशेजारी अशा जाहिराती अधिक दिसत होत्या. हा अभ्यास 2013 चा. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक करणाऱ्या कंपन्यांवर कारवाई करणाऱ्या संस्थेने, त्यांना मुख्य तंत्रज्ञ म्हणून बोलावलं.