मंद डावा दिवा आणि निळा ठिपका

श्रोतेहो, नमस्कार. आज संध्याकाळी गाडी भिंतीसमोर उभी करा, हेडलाइटचा डिप्पर, म्हणजे खाली पडणारा झोत, लावा आणि भिंतीकडे बघा. दोन्ही बाजूंचा उजेड सारखा पांढरा आहे का? एका बाजूचा तांबूस, आजारी दिसत असेल, तर आजचं बोलणं तुमच्याच गाडीबद्दल आहे.

पहिला प्रश्न असा: एकच दिवा बिघडलाय की दोन्ही? पुन्हा सांगतो, एकच की दोन्ही? दोन्ही बंद असतील, तर दोघांना सामाईक असलेल्या वस्तू आधी तपासा: फ्यूज, रिले (म्हणजे दिव्यांचा करंट चालू-बंद करणारा छोटा विजेचा स्विच) आणि स्टिअरिंगजवळचा स्विच. दिवे लावताना रिलेचा 'टक' आवाज येतो का ऐका. आला नाही, तर हॉर्नचा रिले त्याच नंबरचा आहे का बघा आणि तो तिथे बसवून पाहा. मात्र काही वेळा दोन्ही बल्बच गेलेले असतात. एक महिन्याभरापूर्वीच गेलेला असतो, कुणाच्या लक्षात आलेलं नसतं, आणि दुसरा गेल्यावर अंधार होतो. फ्यूज 10 अँपिअरचा असेल तर 10चाच घाला. तो पुन्हा उडाला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकते आहे. मोठा फ्यूज घातलात, तर फ्यूजऐवजी वायर जळेल.

आणि एकच दिवा बिघडला असेल तर? आधी त्या बाजूचा वेगळा फ्यूज आहे का बघा, मग बल्ब. पण दिवा पूर्ण गेलेला नाही, नुसता मंद आहे, असं असेल तर थांबा. इथे एका गाडीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण अशा गाड्या गॅरेजमध्ये पुन्हा पुन्हा येतात.

या गाडीचा डावा दिवा मंद झाला. मालकाने बल्ब बदलला. उजेड तसाच. बल्ब खराब निघाला असेल म्हणून दुसरा आणला. तसाच. होल्डर बदलला, तरीही तसाच. मग कुणी सांगितलं, बॅटरी उतरली आहे. बॅटरीही नवी आली. उजवा दिवा पहिल्या दिवसापासून लख्ख होता, हे कुणी लक्षातच घेतलं नाही. बॅटरी उतरली तर दोन्ही दिवे मंद होतील, एकटा डावा नाही. शेवटी बल्ब काढून कपलरमध्ये, म्हणजे बल्बवर बसणाऱ्या वायरींच्या प्लगमध्ये, व्होल्ट मोजायचा मीटर लावला. मीटरने 12.6 व्होल्ट दाखवले. करंट तर येतोय, मग संपूर्ण वायरिंग बदला, असा सल्ला मिळाला.

खरा पुरावा पहिल्या दिवसापासून डॅशबोर्डवर होता. गाडी डिप्परवर असतानाही अप्परचा, म्हणजे लांब जाणाऱ्या झोताचा, निळा दिवा मिणमिणत होता, अंधारातच दिसेल इतका. आणि ओव्हरटेक करताना पासचा स्विच दाबला, म्हणजे डिप्पर आणि अप्पर एकदम लागले, की डावा दिवा वाढायच्या ऐवजी जवळजवळ विझायचा!

हे का होतं ते नीट ऐका. या गाडीत एच-4 बल्ब होता: तीन पिना, दोन फिलामेंट. एक पिन डिप्परची, एक अप्परची आणि तिसरी दोघांची मिळून अर्थ, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतीची वाट. डाव्या बाजूची अर्थ खराब झाली होती. डिप्परच्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला परतीची वाट उरली नाही. मग तो त्याच बल्बच्या अप्परच्या फिलामेंटमधून उलटा शिरला, अप्परच्या वायरवर आला आणि उजव्या बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून तिकडच्या अर्थला पोचला. तीन फिलामेंट एका माळेत! प्रत्येकाच्या वाट्याला 12ऐवजी जेमतेम 4 व्होल्ट, म्हणून तो तांबूस उजेड. निळा दिवा त्याच अप्परच्या वायरवर असतो, म्हणून तो मिणमिणतो. आणि पास दाबल्यावर दोन्ही पिनांवर 12 व्होल्ट येतात, ती उलटी वाटही बंद होते, म्हणून दिवा विझतो.

पुन्हा सांगतो, लक्षात ठेवा. डिप्परवर निळा दिवा मिणमिणला आणि पास दाबल्यावर दिवा मंदावला, तर अर्थ तपासा. बल्ब नाही, बॅटरी नाही. अर्थ.

मग मीटरने 12.6 कसे दाखवले? काळी पिन थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावली होती, म्हणजे अर्थची वायर तपासलीच गेली नव्हती. आणि कपलरच्या अर्थला लावली असती तरी मीटर फसलाच असता. मीटर नावापुरताच करंट घेतो. गंजलेल्या वायरची एखादी तार शिल्लक असली तरी त्याला पुरते. बल्बला पाचेक अँपिअर लागतात, तिथे ती तार हरते. म्हणून माझं ठाम मत आहे की घरी मीटरच्या आधी टेस्ट लॅम्प असावा. इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब, होल्डर आणि दोन वायरी, इतकंच. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे कमजोर वायर लगेच उघडी पडते. फक्त सेन्सरच्या आणि कंप्युटरच्या वायरींना तो लावू नका.

मीटर वापरायचाच तर असा वापरा. बल्ब जागेवर, दिवा चालू, मीटर 20 व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हला आणि लाल पिन कपलरच्या मागून अर्थच्या वायरला. 0.2 व्होल्टपेक्षा कमी आले तर अर्थ चांगली. एक-दोन व्होल्ट आले तर चोर सापडला. बल्बला 10 टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड सुमारे 30 टक्के घटतो, म्हणून हे आकडे छोटे समजू नका.

त्या गाडीत दोष अर्थच्या वायरच्या एका थिंबलमध्ये, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीत, निघाला. हेडलाइटमागे पत्र्याला बोल्टने आवळलेलं, हिरवं पडलेलं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढायचं, बोल्ट सोडायचा, थिंबल आणि त्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासायचा, रंग राहू द्यायचा नाही, घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस लावायचं. वायर आतून काळी पडली असेल तर चांगली तार लागेपर्यंत कापून नवं थिंबल दाबायचं. एवढंच काम होतं.

याच ओघात एक सांगतो. उजेड कमी म्हणून 60/55 वॅटच्या जागी 100/90चा बल्ब बसवू नका. करंट पाचावरून आठ अँपिअरवर जातो, कपलर तपकिरी होऊन वितळतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात ते वेगळंच. आधी वायरिंगमधली गळती थांबवा.

हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटांचं तेल तापून काच तिथेच कमजोर होते. लागलंच तर स्पिरिटने पुसा. झेनॉन दिवे असतील तर घरी उघडूच नका, पेटताना तिथे 20,000 व्होल्टच्या वर दाब असतो. हेडलाइटवरची प्लास्टिकची काच पिवळी पडली असेल तर 800, मग 1000, मग 2000 नंबरचा पेपर पाण्यासोबत घासा, पॉलिश करा आणि वर यूव्ही कोटिंग द्या. कोटिंग नसेल तर ती थोड्याच दिवसांत पुन्हा पिवळी पडते.

बल्ब बदलल्यावर दिव्याचा रोख बघायचा. टायरमध्ये हवा बरोबर, डिकी रिकामी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस, गाडी सपाट जागेवर, भिंत 10 मीटरवर. डिप्परच्या उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा साधारण 10 सेंटीमीटर खाली पडली पाहिजे. नसेल तर दिव्यामागचा स्क्रू पाव फेरा फिरवा, भिंतीकडे बघा, मग पुढचा पाव फेरा.