पीएचडी अपलोड झाली, पण सापडते का?

बसा बसा, जरा पुढे या, मागे पंख्याच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मी लायब्ररीवाली, भाषण वगैरे आपल्याला जमत नाही, तेव्हा सरळ मुद्द्यावर येते.

2009 मध्ये यूजीसीनं नियम केला की पीएचडीची सॉफ्ट कॉपी जमा करायची, आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटकडे, म्हणजे विद्यापीठांच्या लायब्रऱ्या जोडणाऱ्या केंद्राकडे जाते, त्यांच्या शोधगंगा या वेबसाइटवर आज पाच लाखांच्या वर प्रबंध आहेत, फुकट वाचायला. ही लहान गोष्ट नाही हो. आमच्या वेळी दुसऱ्या विद्यापीठातला प्रबंध बघायचा म्हणजे एसटीनं जायचं, प्राचार्यांचं पत्र दाखवायचं आणि तिथंच बसून वहीत उतरवून घ्यायचं, झेरॉक्स करू देत नसत.

पण आत टाकलेलं बाहेर निघतं का? मागे माझ्याकडे एक मुलगी आली, जात्यावरच्या ओव्यांवर काम करायचं होतं तिला. एका रिपॉझिटरीत, म्हणजे प्रबंध-पेपर साठवायच्या ऑनलाइन कोठारात, ‘ओवी’ टाईप केलं, शून्य. मग इंग्रजी स्पेलिंग करून बघितलं, डबल ओ लावून, व्ही काढून डब्ल्यू घालून, अर्धा तास हेच चाललेलं, तेव्हा कुठे एक प्रबंध निघाला. उघडला, एक ओळ कॉपी केली, तर पेस्ट झाली इंग्रजी अक्षरं, मधेच डॉलरची खूण आणि कंस.

हे का होतं माहितीये? आपले जुने प्रबंध श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या फाँटमध्ये टाईप झालेत. डोळ्याला मराठी दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच, वरून मराठीचा मुखवटा. मग सर्च इंजिन तरी काय करणार बिचारं? आणि जे नुसते स्कॅन केलेत ते तर फोटोच, त्यात शब्दच नाहीत.

यावर उपाय आहे, थोडा किचकट आहे. मूळ वर्ड किंवा पेजमेकरची फाइल असेल तर कन्व्हर्टर लावून युनिकोड, म्हणजे कॉम्प्युटरलाही मराठी म्हणून कळणारी अक्षरं, करता येतं, पण नंतर रफार आणि जोडाक्षरं कुणीतरी मराठी येणाऱ्यानं नजरेखालून घालायलाच लागतात. फाइल नसेल तर ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं कॉम्प्युटरनं ओळखायची. टेसरॅक्ट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्याला मराठी येतं. आम्ही जुन्या एमफिलवर लावून बघितलं, छपाई स्वच्छ असली की बरं वाचतं, झेरॉक्सची झेरॉक्स दिली की ‘शेत’चं काहीही करतं. म्हणून मूळ पान बदलायचं नाही, ते तसंच ठेवून त्याच्यामागे शब्दांचा अदृश्य थर द्यायचा. थोडा चुकीचा का असेना, सर्चला काहीतरी सापडतं.

दुसरं मेटाडेटा, म्हणजे शीर्षक, नाव, विषय ही माहिती, ती भरतो आपण आणि भरतो कशी तर शेवटच्या दिवशी. एकच गाईड तीन प्रकारे, कुठे आडनाव आधी, कुठे नुसती इनिशियल्स. शीर्षक देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हीकडे द्या. ऑर्किड काढा सगळ्यांनी, संशोधकाची ओळख सांगणारा सोळा आकडी नंबर असतो, फुकट मिळतो, मग गावात चार पाटील असले तरी गोंधळ नाही.

पेपरचं विचारता? भौतिकशास्त्रवाले 1991 पासून आर्काइव्ह (arXiv) नावाच्या खुल्या वेबसाइटवर पेपर टाकतायत, आणि आपले सर अजून म्हणतात ‘जर्नलवाले केस करतील’. छापून आलेली पीडीएफ नका टाकू, रिव्ह्यूनंतर मान्य झालेली तुमची स्वतःची वर्ड फाइल टाका, बरेच प्रकाशक तेवढं चालवून घेतात, काही वर्षभर थांबायला लावतात. कुठलं जर्नल काय चालवून घेतं ते ओपन पॉलिसी फाइंडर या वेबसाइटवर, म्हणजे पूर्वीच्या शेर्पा रोमिओवर, जर्नलचं नाव टाकलं की कळतं. वन नेशन वन सबस्क्रिप्शन या जर्नल वाचायला देणाऱ्या योजनेला सरकारनं 6000 कोटी मंजूर केले, चांगलंच झालं, पण ते सरकारी संस्थांनी वाचायचे पैसे झाले. तुमचा दुष्काळावरचा पेपर तालुक्याच्या पत्रकाराला त्या योजनेनं उघडत नाही, रिपॉझिटरीत टाकला तर उघडतो.

सर्व्हरबद्दल एवढंच सांगते, लिंकमध्ये नुसते आकडे, म्हणजे आयपी अॅड्रेस देऊ नका, मशीन बदललं की मेली ती लिंक, त्यासाठी हँडल, म्हणजे मशीन बदललं तरी न बदलणारा कायमचा पत्ता असतो, तो वापरा. आणि बॅकअप दुसऱ्या इमारतीत ठेवा.

आता चहा घ्या. आणि ज्यांचा प्रबंध 2010 च्या आधीचा आहे त्यांनी घरी माळ्यावर बघा, डीटीपीवाल्यानं दिलेली सीडी असेल कुठेतरी. घेऊन या, सीडी ड्राइव्ह माझ्याकडे आहे अजून.