सड्यावरचा हत्ती : मुलांची शोधकादंबरी कशी बांधतात

[पडद्यावर : कोकणातला सडा, म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. मे महिना, सकाळचे सात.]

ऊन अजून तिरपं आहे. जांभ्यात कोरलेल्या खाचेच्या एका कडेला सावली धरते आणि कातळावर आधी शेपूट, मग पाय, मग पोटाची रेघ अशी उमटत जाते. हाच सडा दुपारी बारा वाजता पाहिला तर काळपट-तांबूस दगडापलीकडे काही दिसत नाही. सावलीच नसते. त्या वेळी माणूस हत्तीच्या पाठीवरून चालत जातो आणि त्याला पत्ता लागत नाही.

मुलांसाठी मैत्रीची आणि शोधाची कादंबरी लिहायची असेल, तर निम्मं कथानक इथेच पडलेलं आहे. मुलांना सकाळी सातला सड्यावर पोचवायचं, आणि मोठ्यांना तिथे जायला फक्त दुपारीच वेळ मिळेल असं पाहायचं.

दहा ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी अशी एक कादंबरी आपण पायापासून बांधून पाहू.

[पडद्यावर : कशेळीचं कातळशिल्प, वरून.]

आधी जागा. उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ या नऊ ठिकाणची कातळशिल्पं, म्हणजे सड्याच्या दगडात कोरलेली चित्रं, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. कशेळीचा हत्ती सुमारे 18 मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगातच इतर प्राणी कोरलेले आहेत. काही सड्यांवर गेंडा आहे. आज कोकणात गेंडा नाही. मग कोरणाऱ्याने तो पाहिला कुठे? मुलांच्या कादंबरीला असा प्रश्न सोन्याच्या हंड्यापेक्षा जास्त पुरतो. हंडा सापडला की गोष्ट संपते, गेंडा सापडला की सुरू होते.

हंडाच हवा असेल, तर एक गोष्ट पक्की माहीत हवी. 1878 चा निखात निधी कायदा, म्हणजे गुप्तधनाचा कायदा, अजून लागू आहे. जमिनीत सापडलेला ऐवज दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल, तर तो जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. गुप्तधन सापडलं आणि घरचं कर्ज फिटलं, असा शेवट अनेक हस्तलिखितांत असतो. तो शेवट म्हणजे नायकाच्या हातून घडलेला गुन्हा आहे, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेलं नसतं.

[पडद्यावर : गुहेतला अंधार, दिव्याचा उजेड छतावर सरकतो.]

मुलांना असं काही खरंच सापडतं का? सापडतं. स्पेनमधल्या आल्तामिरा गुहेत 1879 साली मार्सेलिनो सान्झ दे साउतुओला जमीन उकरून दगडी हत्यारं शोधत होते. त्यांची नजर खाली. बरोबर आलेल्या आठ वर्षांच्या मारियाने वर पाहिलं, तर छतभर रंगवलेले गवे. जाणकारांनी ती चित्रं खोटी ठरवली. 1902 मध्ये एमिल कार्तैयाक या फ्रेंच अभ्यासकाने आपली चूक छापून कबूल केली, तेव्हा मारियाचे वडील जाऊन चौदा वर्षं झाली होती.

फ्रान्समध्ये माँतिन्याक गावाजवळ 12 सप्टेंबर 1940 रोजी चार मुलं लास्कोच्या गुहेत उतरली : मार्सेल रावीदा, जाक मार्साल, जॉर्ज आन्येल आणि सिमों कोएंकास. गुपित फार दिवस टिकलं नाही. त्यांनी शाळेतले मास्तर लेओं लावाल यांना सांगितलं. जाक गुहेच्या तोंडाशी राखण करत राहिला आणि मोठेपणी तिथलाच वाटाड्या झाला. सिमों ज्यू घरातला. तो लवकरच पॅरिसला परतला, आणि पुढे त्याचे आईवडील आउश्वित्झमध्ये मारले गेले. गुहा 1948 मध्ये लोकांसाठी उघडली आणि 1963 मध्ये बंद करावी लागली, कारण येणाऱ्यांच्या श्वासानेच चित्रं खराब होऊ लागली.

लिहिणाऱ्याने इथे थांबून विचार करावा. शोध एकच, आणि त्यानंतर चौघांच्या वाटा किती वेगळ्या. मोठं होणं म्हणतात ते या वाटा फुटण्यात असतं. ते शेवटच्या पानावरच्या उपदेशात शोधू नये.

[पडद्यावर : आंब्याच्या पेट्या, खळ्यात पेंढा. तीन मुलं चिरेबंदी पायरीवर.]

आता माणसं. मुलं तीन घ्यावीत. दोघं असली की एकमत होतं नाहीतर भांडण, तिसरी वाट उरत नाही. चार-पाच घेतली की एक-दोन जण प्रकरणंच्या प्रकरणं गप्प बसतात. आपल्या तिघांत एक गावातला, गुरं सोडायला रोज सड्यावर जाणारा. दुसरी त्याच्या वर्गातली, नकाशे काढायची हौस असलेली. तिसरी सुट्टीत मुंबईहून आलेली तिची मावसबहीण, जिला सडा म्हणजे काय हेही विचारावं लागतं. तिच्यामुळे वाचकाला माहिती आपोआप मिळते, लेखकाला शिकवायला बसावं लागत नाही.

तिघं वेगळी झाली आहेत का, हे पाहण्याची चाचणी सोपी आहे. संवादाचं एक पान घ्यायचं आणि नावं कागदाच्या पट्टीने झाकायची. कोण बोलतंय ते ओळखू येत नसेल, तर पात्रं अजून नावापुरतीच आहेत. गावची बोली संवादात येऊ द्यावी, निवेदन प्रमाण ठेवावं. बोलीतल्या शब्दाचा अर्थ कंसात देऊ नये, कारण मूल कंसाशी अडखळतं. शब्दाशेजारी त्याची कृती ठेवली की पुरतं. कुणीतरी खोरं उचललं की खोरं कळतं.

मोठी माणसं वाटेतून दूर करणं ही नेहमीची अडचण. म्हणून लेखक आईवडिलांना परदेशी पाठवतात, नाहीतर मारूनच टाकतात. मे महिन्यातल्या कोकणात याची गरज नाही. आंबा उतरवायचा असतो, पेट्या भरायच्या असतात, पावसाआधी लाकूडफाटा आत घ्यायचा असतो. पोरं कुठे आहेत हे जेवणाच्या वेळेपर्यंत कुणी विचारत नाही.

घड्याळही तिथलंच आहे. 7-8 जूनला मृग लागतो. पाऊस पडला की सड्यावर गवत येतं, खाचा मातीने भरतात आणि चित्र दिवाळीपर्यंत दिसेनासं होतं. कादंबरी 10 मेला सुरू केली तर मुलांच्या हाती चार आठवडे आहेत. वाचक हे दिवस मोजतो.

आणि मैत्री पणाला कशी लागणार? सड्याचा हा तुकडा चिरेखाणीला, म्हणजे बांधकामाचा जांभा कापून काढायला, द्यायचा ठरलेला आहे, आणि देणारा गावातल्या मुलाचा सख्खा काका आहे. सातबाऱ्यावर अकरा नावं, त्यातली सात मुंबईत. काका वाईट माणूस नाही. त्याला पोरीच्या शिक्षणाचे पैसे हवेत. हत्ती वाचला तर मित्राच्या घरचं नुकसान, खाण झाली तर हत्ती गेला. या पेचाला दुष्ट माणूस लागत नाही. खरं तर दुष्ट माणूस आणला की पेच सुटतो आणि कादंबरी हलकी होते.

[पडद्यावर : सुतळी, दगड, आलेखाचा कागद.]

शोध म्हणजे नुसतं सापडणं नव्हे, मुलांच्या हाताला काम हवं. मोजणीचं प्रकरण म्हणूनच सविस्तर लिहावं. सुतळीला दर मीटरला गाठ मारायची. कातळात खुंटी ठोकता येत नाही, म्हणून सुतळीच्या टोकांना दगड बांधायचे. आकृतीवर एक मीटरचे चौकोन पाडायचे आणि आलेखाच्या कागदावर एकास वीस प्रमाणात उतरवायचे. सहा मीटरची आकृती तीस सेंटिमीटरच्या कागदात बसते. इथे चूक घडवून आणावी : सुतळी रात्रभर दवात भिजली, आखडली, आणि दुसऱ्या दिवशी सोंड जुळेना. आदल्या दिवशी सोंड कुणी मोजली यावरून होणारं भांडण हे कादंबरीतलं सर्वांत खरं भांडण ठरतं.

फोटो नीट यावा म्हणून एकजण खाचेत खडू भरायला निघतो. त्याला तिथेच अडवावं, आणि मुलांपैकीच कुणीतरी अडवावं. पुस्तक वाचून एखादं मूल खरोखर सड्यावर जाईल, तेव्हा त्याच्या खिशातही खडू असेल.

यानंतर येते ती जागा, जिथे बहुतेक हस्तलिखितं कोसळतात. बाराव्या प्रकरणात एक विद्वान मामा गाडीतून उतरतो आणि सहा पानं बोलतो. त्या क्षणी शोध मुलांच्या हातातून जातो आणि परत येत नाही. जाणकार जरूर आणावा, पण मुलांनी विचारलं तेवढंच त्याने सांगावं, अर्ध्या पानात. आणि एकदा तरी मुलांच्या नकाशाने त्याला चुकीचं ठरवावं. तो पुण्याहून भर दुपारी आलेला आहे. त्याला शेपूट दिसलेलीच नाही.

जागा आणि वाहन पक्कं असलं की मुलं विश्वास ठेवतात. भा. रा. भागवतांनी फास्टर फेणेला फुरसुंगीचा केला, पुण्याच्या विद्याभवनात घातला आणि बुडाखाली सायकल दिली. त्याच्या अचाट करामती वाचकाने मानल्या त्या या तीन गोष्टींच्या जोरावर.

[पडद्यावर : छापखाना, घडी घातलेले कागद.]

लांबी पंचवीस हजार शब्दांच्या आसपास. दीड हजार शब्दांची सोळा-सतरा प्रकरणं, म्हणजे मोठ्याने वाचलं तर प्रत्येकी बारा मिनिटं. डेमी आकार, चौदा पॉइंटचं अक्षर, पानाला अडीचशे शब्द. चित्रं धरून 128 पानं होतात, म्हणजे सोळा पानांचे आठ फॉर्म. फॉर्म म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेला पानांचा गट.

मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेताना जोडाक्षरं मोडतात. 'दुसऱ्या'मधला अर्धा र हमखास बिघडतो आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. संगणकावर तपासून भागत नाही, छापील प्रूफ बोटाने वाचावं लागतं. नुकतंच वाचायला लागलेलं मूल मोडक्या अक्षराशी थांबतं आणि चूक आपलीच आहे असं समजतं, म्हणून हे काम टाळू नये.

चित्रांची जागाही तितकीच नाजूक आहे. हत्तीचं चित्र डावीकडच्या पानावर आणि हत्ती सापडल्याचं वाक्य उजवीकडे खाली, असं झालं की तीस पानांची वाट पाहणं वाया जातं. पान उलटताच डोळा आधी चित्राकडे जातो. म्हणून चित्र नेहमी वाक्यानंतर, शक्य तर पुढच्या पानावर.

एक चित्र मात्र जोडपानावर हवं. मृगाची पहिली सर पडली आहे, खाचा पाण्याने भरल्या आहेत, आणि भर दुपारी, सावली नसताना, अख्खा हत्ती आभाळाच्या रंगात चमकतो आहे. तिघं काठावर उभी आहेत, काका त्यांच्या मागे. जोडपानावरचं चित्र मध्यभागी तुटू नये म्हणून ते फॉर्मच्या बरोबर मधल्या कागदावर यावं लागतं. शेवटचा फॉर्म 113 ते 128, त्याचा मध्य 120-121. पुस्तक शिवलेलंच हवं. नुसत्या डिंकाच्या बांधणीत पान सपाट उघडत नाही, आणि जोर केला की पाठ तडकते.

मग मजकूर मागून जुळवत आणायचा. कुठे दोन ओळी कमी, कुठे एक परिच्छेद जास्त, आणि 119 व्या पानाच्या शेवटच्या ओळीत गावातला मुलगा काकाचा हात धरून एवढंच म्हणतो, "काका, खाली बघा."