नुसतं उभारायचं

(पडद्यावर: पहाटेची तालीम. एका बल्बच्या पिवळ्या उजेडात फावड्यानं माती उकरली जाते आहे. संगीत नाही.)

ही माती साधी नाही. हंगामाआधी हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या खड्ड्यात, हळद, ताक, तेल, लिंबाचा रस, कापूर आणि काव कालवतात. त्यानंतर रोज पहाटे कुणीतरी ती उकरायची. दोन दिवस हयगय झाली की माती घट्ट बसते, मग पाठीवर पडणाऱ्याचा खांदा निखळतो. म्हणून उकरण्याचं काम नव्या पोरांकडं देतात. जोर-बैठका शिकायच्या आधी खांदे त्यातच तयार होतात.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी. या पट्ट्यात मराठी माणूस म्हणतो तालीम, कन्नड माणूस म्हणतो गरडी. आत गेल्यावर भाषेवाचून कुणाचं अडत नाही. ढाक, घिस्सा, कलाजंग हे डाव दोघांनाही कळतात.

आपण आज कुस्ती बघायला आलेलो नाही. कुस्ती सुटल्यावर हेच शरीर कुठल्या कामाला लागतं, ते बघायचं आहे.

(पडद्यावर: कानाचं जवळून चित्र. कडा गायब, आत गोळा झालेला.)

हा कान बघा. समोरच्याच्या डोक्याशी, खांद्याशी घासून घासून कानाच्या कूर्चेवरचं पातळ आवरण सुटतं आणि मध्ये रक्त साचतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण त्या आवरणातूनच होतं. आवरण सुटलं की कूर्चा मरते, साचलेलं रक्त गोठून कडक होतं आणि कान कायमचा असा राहतो. पहिल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरकडून रक्त काढून घट्ट दाबपट्टी बांधली तर कान वाचू शकतो. नुसती सुई मारून सोडला तर रात्रीत परत भरतो. एकच सुई दोघांना वापरली तर कानापेक्षा मोठं दुखणं मागं लागतं.

पण पोरांना कान वाचवायचा नसतो. फुटलेला कान ही पैलवानकीची पावती आहे. जत्रेत पुढं जागा मिळते, बसमध्ये कुणी धक्का देत नाही, आणि ज्यांना माणसं लागतात ते कान बघूनच विचारतात.

त्याआधी खुराकाचा हिशेब बघू, कारण गोष्ट तिथंच फिरते. मोठ्या जोडीत लढणारा पैलवान दिवसाला ३ लिटर म्हशीचं दूध आणि १५० ग्रॅम बदाम धरून चालतो. बदाम रात्री भिजवायचे, सकाळी सोलून खसखस, बडीशेप, मिरी घालून कुंडीत घोटायचे. दूध लिटरला ६० आणि बदाम किलोला ८०० रुपये धरले तर रोजचे १८० अधिक १२०, म्हणजे ३०० रुपये. महिन्याला ९,०००. तूप, अंडी, फळं आणि मटण यात आलेलं नाही. ते घातलं की आकडा १५,००० च्या घरात जातो. घरी दोन एकर ऊस असेल तर कारखान्याचं बिल येईपर्यंत हे पैसे उसनेच असतात.

मिळकत मात्र हंगामी. मैदानं दिवाळीनंतर सुरू होतात आणि वैशाखातल्या जत्रांपर्यंत चालतात. पावसाळाभर मेहनत, कमाई शून्य. कुस्ती निकाली झाली तर इनाम, बरोबरीत सुटली तर बहुतेक ठिकाणी निम्मं-निम्मं. गुडघा फिरला तर पुढचा हंगामही गेला.

बाहेर पडायचे सरळ रस्ते आहेत. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे. पण ती लहान वयात पोरं घेते, विशीतल्या गड्याला तिथं दार नाही. २०२२ पासून सैन्यात अग्निवीर म्हणून गेलं तर चार वर्षं, आणि पुढं कायम राहतात चारांतला फार तर एक. कर्नाटकातल्या सरकारी नोकरीला कन्नडचा पेपर आडवा येतो. मराठी शाळेतून आलेल्या पोरानं कुस्तीच्या नादात तो कधी गंभीरपणे घेतलेला नसतो. खेळाडूंच्या कोट्यात मॅटवरच्या स्पर्धांची प्रमाणपत्रं मागतात. जत्रेतल्या मातीत मारलेल्या शंभर कुस्त्यांचा कागद होत नाही. गळ्यातले हार वाळतात, एवढंच.

मग सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी एक गाडी तालमीच्या दाराशी थांबते.

"पैलवान, चल की जरा बरोबर. काय बोलायचं नाही, काय करायचं नाही. नुसतं उभारायचं."

पहिल्या वेळचा मोबदला बहुधा रोख नसतोच. ढाब्यावर जेवण, खुराकाचं मागचं बिल चुकतं करणं, बहिणीच्या लग्नाला मदत. त्याला नोकरी म्हणत नाहीत, 'संबंध' म्हणतात. संबंध तोडणं नोकरी सोडण्यापेक्षा अवघड असतं.

उभारायचं म्हणजे उभं राहायचं. पण कुठं? ज्या पैशाला कोर्टात जाता येत नाही, त्या पैशाच्या दारात.

सावकारीचं उदाहरण घ्या. दहा रुपये शेकडा, म्हणजे महिन्याला दहा टक्के. ५०,००० घेतले तर पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापतात, हातात येतात ४५,०००. पुढं दर महिन्याला ५,०००. दहाव्या महिन्यापर्यंत ५०,००० व्याजात गेले, मुद्दल आहे तिथंच. वर्षाचा दर पडतो १२० टक्के. अशा व्याजाविरुद्ध कर्नाटकात २००४ चा कायदा आहे, त्यामुळं हा सावकार कागद घेऊन न्यायाधीशापुढं उभा राहूच शकत नाही. मटक्याची उधारी तर पैजेचा करार, कायद्यानं मुळातच रद्दबातल. जमिनीचं भांडण कोर्टात जातं खरं, पण वीस वर्षं चालतं. तोवर बांधावर कोण उभं आहे त्यावर ताबा ठरतो. जिथं कागद चालत नाही, तिथं कान चालतो.

आणि काम खरोखरच उभं राहण्याचं असतं. पैसे लावणाऱ्या शेठचा माणूस बोलतो, पैलवान पाणी मागतो, कट्ट्यावर बसतो, घर बघतो. दुसऱ्या खेपेला तेच, फक्त शेजारी किंवा पाहुणे घरात असताना. मारहाण झाली तर धंदा बिघडला असं खुद्द शेठच मानतो, कारण दवाखान्यात पडलेला माणूस हप्ता देत नाही. इथं विकली जाते ती भीती. ती सही-सलामत राहावी म्हणून हात खिशात ठेवायचे.

(पडद्यावर: बर्फाचं मैदान. दोन खेळाडू हातमोजे टाकून एकमेकांची जर्सी धरतात.)

हेच काम जगात एका ठिकाणी कराराने, पगारावर, हजारो प्रेक्षकांसमोर चालत आलं. कॅनडा-अमेरिकेतली आइस हॉकी, नॅशनल हॉकी लीग. संघातला चांगला खेळाडू चेंगरला जाऊ नये म्हणून संघ एक दांडगा गडी बाळगायचा. एडमंटनच्या संघात वेन ग्रेट्स्की गोल करायचा आणि डेव्ह सेमेंको नुसता बर्फावर असायचा. ग्रेट्स्कीला आडवं यायचं तर आधी सेमेंकोकडं बघायचं. १९८८ मध्ये ग्रेट्स्की लॉस एंजेलिसला गेला, तेव्हा मार्टी मॅक्सॉर्ली हा त्याचा राखणदारही त्याच व्यवहारात गेला. यालाच म्हणायचं संबंध!

तिथल्या मारामारीला नियम आहेत. हातमोजे टाकायचे, एकास एक, पंच बाजूला थांबतात, कुणी खाली पडला की सोडवतात. दोघांना पाच-पाच मिनिटं बाहेर. १९९२ पासून भांडण उकरणाऱ्याला जादा शिक्षा आली. १९७४-७५ च्या हंगामात डेव्ह शुल्ट्झनं शिक्षेची ४७२ मिनिटं भरली, तो विक्रम अजून त्याच्या नावावर आहे.

डेरेक बूगार्ड दोन मीटरहून उंच. २७७ सामन्यांत त्यानं गोल केले तीन. २०१० मध्ये न्यू यॉर्कच्या संघानं त्याच्याशी चार वर्षांचा ६५ लाख डॉलरचा करार केला, तो गोलांसाठी नव्हता. ठोसा हेल्मेटवर बसला की बोटांची हाडं मोडतात. मग वेदनाशामक गोळ्या, मग त्याच गोळ्यांचं व्यसन. मे २०११ मध्ये दारू आणि ऑक्सिकोडोन एकत्र झाल्यानं तो गेला, वय २८. मेंदू तपासला तेव्हा त्यात डोक्यावरच्या वारंवार आघातांनी होणारा झिजेचा आजार निघाला. हा आजार आजही माणूस गेल्यावरच पक्का सांगता येतो. २०२३ मध्ये एका अभ्यासात या लीगमधल्या अशा गड्यांची तुलना त्यांच्याच जोडीच्या इतर खेळाडूंशी केली. मारामारी करणारे सरासरी दहा वर्षं आधी गेले होते.

आपल्या पैलवानाच्या आणखी जवळचं उदाहरण बल्गेरियात आहे. १९८९ मध्ये तिथली कम्युनिस्ट राजवट कोसळली. सरकारी क्रीडाशाळांत वाढलेले मल्ल, वजन उचलणारे, मुष्टियोद्धे रस्त्यावर आले. त्याच वेळी दुकानं खाजगी झाली, आणि दिलेला शब्द पाळायला लावणारं कुणी उरलं नाही. मल्लांनी राखणीच्या कंपन्या काढल्या. १९९४ मध्ये त्यांच्या परवान्यांना चाप लागला, तेव्हा त्याच माणसांनी विमा कंपन्या काढल्या. दुकानावर, गाडीवर कंपनीचं लेबल लावायचं. लेबल नसलेली गाडी चोरीला जायची. असं एक मोठं साम्राज्य उभं करणारा वासिल इलिएव्ह स्वतः कुस्तीगीर होता. एप्रिल १९९५ मध्ये सोफियात त्याला गोळ्या घातल्या.

आपल्याकडं एवढं साम्राज्य नाही. आपल्याकडं बिघडतं ते अगदी छोट्या गोष्टीनं.

दार लावून घेणाऱ्या म्हाताऱ्याला जरा बाजूला सारलं. शंभर किलोच्या माणसाचं 'जरा' म्हणजे काय, हे त्या माणसालाही नीट कळत नाही. म्हातारा पायरीवर पडतो, खुबा मोडतो. फिर्यादीत शेठचं नाव येत नाही, कारण शेठ तिथं नव्हता आणि त्याचा कागदही नाही. बोलणाऱ्याचा चेहरा कुणाच्या लक्षात राहत नाही. कान राहतो. 'कान फुटलेला इसम' एवढ्या वर्णनावर पोलीस थेट तालमीत येतात.

एक-दोन गुन्हे जमले की ठाण्यात रौडी शीट, म्हणजे गुंड म्हणून नावाची नोंद, उघडतात. मग गणेशोत्सवाआधी, निवडणुकीआधी हजेरी. चांगल्या वर्तणुकीचा बाँड. पूर्वी कलम १०७ आणि ११० म्हणायचे, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते १२६ आणि १२९ झाले आहेत. बाँड मोडला तर रक्कम जप्त. पोलीस पडताळणीत हे सगळं वर येतं, म्हणजे सैन्य, पोलीस, पासपोर्ट यांची वाट बंद. आणखी पुढं गेलं की गडीपार. महाराष्ट्रात ज्याला तडीपार म्हणतात तेच, इथं कन्नडमधून आलेला शब्द चालतो. आदेशात लांबच्या जिल्ह्याचं नाव असतं; सीमेपलीकडं चंदगडला पाहुण्यांकडं जेवायला जाऊन भागत नाही. कर्नाटकात संघटित गुन्हेगारीविरुद्ध २००० चा वेगळा कायदा आहे, आणि जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १११ देशभर लागू आहे. टोळीचा सदस्य ठरला तरी किमान पाच वर्षं. बेळगावात 'हिंडलग्याला गेला' म्हटलं की कारागृहच समजतात. हिंडलगा गावच्या लोकांना याचा राग येतो, आणि तो रास्त आहे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटक सरकारनं सूक्ष्म कर्जाच्या जबरी वसुलीविरुद्ध वटहुकूम काढला. शिक्षा दहा वर्षांपर्यंत, दंड पाच लाखांपर्यंत. कर्जदाराच्या मागं फिरणं, घरी जाऊन अडवणं, वसुलीला गुन्हेगारी पार्श्वभूमीची माणसं लावणं, सगळं त्यात आलं. म्हणजे 'नुसतं उभारणं' हाच आता गुन्हा आहे. नियमात राहून वसुलीचं काम करायचं तर रीतसर प्रशिक्षण आहे: पदवीधराला ५० तास, इतरांना १०० तास आणि वर परीक्षा. सूक्ष्म कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन नाही. पैलवान हे प्रशिक्षण घेऊ शकतो. पण त्या कामाला कान लागत नाही, त्यामुळं त्याला कुणी बोलावतही नाही.

शरीराचं पुढं काय होतं? मेहनत सुटते, भूक सुटत नाही. हजार बैठका मारणाऱ्याचा खुराक दिवसभर गाडीत बसणाऱ्याच्या पोटात जातो. मेहनत थांबवायची तर खुराकही टप्प्याटप्प्यानं उतरवावा लागतो: आधी तूप, मग बदाम, मग दूध. जुने वस्ताद हे सांगतात. ऐकतो तो वाचतो. न ऐकणाऱ्याला चाळिशीच्या आत साखर आणि गुडघे, दोन्ही गाठतात, आणि खुर्चीतून उठताना हात टेकणारा माणूस शेठच्या काही कामाचा नसतो.

(पडद्यावर: संध्याकाळ. तालमीचा कट्टा. बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या कानावर बर्फाची पिशवी.)

याचा कान आज सकाळी फुगला आहे. अजून मऊ आहे, दाबला तर दुखतो. वस्तादांनी दवाखान्यात न्यायला माणूस सांगून ठेवला आहे. पोरगं पिशवी बाजूला करून मोबाईलच्या काचेत कान बघतंय.

"राहू दे की, वस्ताद."