उसनी त्वचा

श्रोतेहो, नमस्कार.

भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग बदलताना बघवत नाही. कितीही अलगद हात लावला, तरी चिकटलेली पट्टी सुटताना तो दातओठ आवळतो. त्वचाच गेल्यामुळे अंगातलं पाणी पाझरत राहतं, जंतूंना आत शिरायला वाट मोकळी होते. निम्म्याहून जास्त अंग भाजलं असेल, तर त्याचीच कातडी काढून लावायची म्हटलं तरी काढणार कुठून? अशा वेळी उपयोगी पडते ती कुणीतरी मरणोत्तर दान केलेली त्वचा.

ग्लिसरॉल या दाट द्रवात जपलेली ही त्वचा कागदासारखी पातळ, पांढुरकी दिसते. ती धुऊन, बारीक चिरा पाडून जाळीसारखी जखमेवर पसरतात. त्यामुळे खालचा स्राव साचत नाही आणि थोडक्या त्वचेत जास्त जागा झाकते. ती नीट बसली की वेदना उतरते. काल ड्रेसिंगच्या नुसत्या नावाने रडणारा पेशंट शांत झोपतो.

ती कायमची मात्र टिकत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांत शरीर तिला परकी ठरवतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लासगोमध्ये शल्यचिकित्सक थॉमस गिब्सन आणि जीवशास्त्रज्ञ पीटर मेदावर यांनी एका भाजलेल्या स्त्रीला तिच्या भावाची त्वचा लावली. ती गळून पडली. दुसऱ्यांदा लावलेली तर आणखी लवकर गळाली, म्हणजे शरीराने परक्याला लक्षात ठेवलं होतं. 1943मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. या विषयावरच्या पुढच्या कामासाठी मेदावर यांना 1960चं नोबेल विभागून मिळालं. पण तेवढे आठवडे मिळाले, तरी पेशंट सावरतो आणि त्याची स्वतःची त्वचा टप्प्याटप्प्याने लावता येते.

दात्याच्या त्वचेतल्या पेशी काढून टाकल्या, तर उरतो कोलॅजन या प्रथिनाचा सांगाडा. त्याला शरीर सहसा झिडकारत नाही. त्यात पेशंटच्याच रक्तवाहिन्या शिरतात. कर्करोगात स्तन काढल्यावर तो पुन्हा घडवताना याचा आधार घेतात. नाकाच्या शस्त्रक्रियेत दात्याच्या बरगडीची कूर्चा, म्हणजे लवचिक मऊ हाड, हीही वापरतात. ती कालांतराने झिजू शकते, हे पेशंटला आधीच सांगायला हवं.

आता मनातलं बोलतो. निव्वळ सौंदर्यासाठीही असं ऊतक, म्हणजे दात्याची त्वचा किंवा कूर्चा, वापरलं जातं. त्यात वाईट काही नाही. पण घरच्यांनी भाजलेल्यांसाठी म्हणून दिलेलं दान त्यांना न विचारता तिकडे वळवणं मला मान्य नाही. संमती घेतानाच दोन्ही उपयोग वेगवेगळे विचारावेत. पेशंटनेही हे कुठून आलं, कोणत्या तपासण्या झाल्या, हे डॉक्टरांना बिनधास्त विचारावं.

त्वचादानाला रक्तगट जुळावा लागत नाही. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत मांड्या, पाय, पाठ इथला वरचा पातळ थर काढतात आणि पट्ट्या बांधून देह परत देतात. चेहऱ्याला हात लावत नाहीत. घरचे अखेरचं दर्शन घेतात, ते त्याच ओळखीच्या चेहऱ्याचं.